गोळी का सोडावीशी वाटते?

(शिरवळ येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

1948 सालचा मार्च संपत आला होता. ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या बुंडूरा इथल्या मनोरुग्णालयात एकावन्न वर्षांच्या एका माणसाला लिथियमचा पहिला डोस दिला गेला. हा माणूस पाच वर्षं सतत उन्मादात होता. एका जागी बसत नसे, हाती लागेल ते मोडत असे, आणि तो घरी परत जाईल अशी आशा कुणाला उरली नव्हती. औषध देणारे डॉक्टर जॉन केड. दुसऱ्या महायुद्धात चांगीच्या जपानी छावणीत साडेतीन वर्षं कैद काढून आलेले. वापरात नसलेल्या एका खोलीत त्यांनी गिनीपिगवर प्रयोग केले, मग लिथियम स्वतः घेऊन पाहिलं आणि त्यानंतरच ते रुग्णाला दिलं. काही आठवड्यांत तो माणूस निवळला. जुलैमध्ये घरी गेला, जुन्या कामावर रुजू झाला.

पुढचं सहसा सांगितलं जात नाही. बरं वाटू लागलं तशा त्याने गोळ्या टाळायला सुरुवात केली आणि शेवटी सोडूनच दिल्या. सहाएक महिन्यांत तो पुन्हा त्याच रुग्णालयात दाखल झाला. लिथियम पुन्हा सुरू झालं, पण रक्तात ते किती साठलं आहे हे मोजायची सोय त्या काळी नव्हती. 1950 साली लिथियमच्याच विषबाधेने तो गेला.

बायपोलर आजारावरच्या औषधांबद्दल विशीतली मुलंमुली जे जे बोलतात ते सगळं या एका माणसाच्या गोष्टीत आलेलं आहे. गोळी गुण देते. गुण आला की ती नकोशी होते. आणि तिला घाबरण्यात अगदीच काही खोटं नाही. ज्या घरात असं मूल आहे तिथे रात्रीच्या जेवणानंतर एक प्रश्न हमखास विचारला जातो: ‘गोळी घेतलीस का?’ आई विचारते, वडील विचारतात, मुंबईहून आत्या फोनवर विचारते. गोळी घेतल्यावर तुला कसं वाटतं, हे मात्र फार थोड्या घरांत विचारलं जातं. आजचा विषय हा न विचारलेला प्रश्न आहे.

आधी आजाराविषयी थोडं. पूर्वी याला उन्माद-अवसाद म्हणत, आता मराठीतही बायपोलरच म्हणतात. एका टोकाला उन्माद: झोप दोन-तीन तासांवर येते तरी थकवा नाही, बोलणं थांबत नाही, विचार धावतात, पैसा पाण्यासारखा जातो, आपण काहीही करू शकतो असा भरवसा वाटतो. दुसऱ्या टोकाला नैराश्य: अंथरुणातून उठणंही डोंगराएवढं. अधेमधे महिनोन्‌महिने अगदी नेहमीसारखं आयुष्य. बंगळुरूच्या निम्हान्सने 2015-16 मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आयुष्यात कधीतरी हा आजार झालेल्या प्रौढांचं प्रमाण साधारण अर्धा टक्का निघालं, म्हणजे दोनशे माणसांत एक. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण इथलं चित्र फार निराळं असेल असं मानायला कारण नाही. याच सर्वेक्षणात आजार असलेल्या दहांपैकी सात जण उपचारांविना असल्याचं आढळलं. आजार बहुधा सोळा ते पंचवीस या वयात डोकं वर काढतो. बारावी, पोलीस भरती, पहिली नोकरी, लग्नाची बोलणी, सगळं याच वयात. आयुष्याला आकार येऊ लागतो त्याच वर्षांत कुणीतरी सांगतं की ही गोळी आता अनेक वर्षं, कदाचित कायमची.

अशा वेळी मुलं काय म्हणतात? ‘आता बरं आहे, मग कशाला?’ ‘गोळीने डोकं बधिर होतं.’ ‘सगळे म्हणतात सुधारलास, पण मला मी सापडत नाही.’ ‘सवय लागली तर?’ ‘सहा महिन्यांत बारा किलो वाढलं, कॉलेजात हाक मारतात ती सांगवत नाही.’ घरातले याला हट्ट म्हणतात. डॉक्टर घाईत असले तर कागदावर ‘औषध नियमित घेत नाही’ अशी ओळ लिहून मोकळे होतात. वास्तविक ही पाच वाक्यं म्हणजे पाच वेगळ्या तक्रारी आहेत आणि प्रत्येकीचं उत्तर वेगळं आहे.

सवयीचं उत्तर सर्वांत सोपं. लिथियम, व्हॅलप्रोएट, लॅमोट्रिजिन या औषधांची दारूसारखी चटक लागत नाही. सवय लागणारी औषधं वेगळी. झोपेसाठी किंवा अस्वस्थतेसाठी थोडे दिवस दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या त्यांत मोडतात आणि त्या लांबवायच्या नसतात. आपल्याकडे मात्र सगळ्यांना मिळून ‘डोक्याच्या गोळ्या’ हे एकच नाव आहे, म्हणून भीतीही सरसकट बसते. मुलाला आपल्या पाकिटातल्या प्रत्येक गोळीचं नाव आणि काम माहीत असायला हवं. ट्रॅक्टरचा प्रत्येक भाग ओळखणाऱ्या पोराला तीन गोळ्यांची नावं जड जात नाहीत. त्याला ती कुणी सांगितलेली नसतात, एवढंच.

वजनाची तक्रार वरवरची म्हणून झटकणं हा अन्याय आहे. ओलान्झापिनने भूक वाढते, वजन चढतं, रक्तातली साखरही वाढू शकते. क्वेटियापिनने सुस्ती येते. लिथियमने हात थरथरतात, तहान लागते, लघवीला वारंवार जावं लागतं. हे मनाचे खेळ नव्हेत, औषधशास्त्राच्या पुस्तकात छापलेली माहिती आहे. एकोणीस वर्षांच्या मुलीला लग्नघरात चार बायका ‘सुजलीस गं’ म्हणाल्या की ती परतल्यावर गोळी खिडकीबाहेर टाकते. तिच्या जागी कुणीही टाकली असती. तिला दटावण्यापेक्षा डॉक्टरांपुढे बसून ‘हे औषध बदलता येईल का, मात्रा कमी होईल का’ असं विचारणं जास्त उपयोगाचं, कारण पुष्कळदा बदलता येतं.

खरी अवघड आहे ती तिसरी तक्रार, ‘मला मी सापडत नाही’ ही.

उन्मादाची सुरुवात अनेकांना दुखणं वाटतच नाही. ती आयुष्यातली सर्वांत सुंदर वेळ वाटते. लाजरा मुलगा स्टेजवर बोलतो, रात्रभरात वही भरून लिहितो, गणेशोत्सवाचा सगळा मांडव एकटा उभा करतो. गावही कौतुक करतं. मग चौथ्या-पाचव्या दिवशी तो ॲपवरून कर्ज काढतो, नात्यागोत्यात भांडतो, मध्यरात्री मोटारसायकल काढून महामार्गावर सुसाट निघतो. घरच्यांच्या लक्षात हा शेवटचा भाग राहतो, त्याच्या स्वतःच्या लक्षात पहिला. म्हणून गोळीने आपलं काय नेलं याचा हिशेब दोघांचा जुळत नाही. जे गेलं ते त्याचं होतं, हे आधी कबूल केल्याशिवाय पुढचं बोलणं त्याच्या कानात शिरत नाही.

जेरी पिंटो यांची ‘एम अँड द बिग हूम’ ही कादंबरी याच ठिकाणी कामी येते. 2012 साली ती इंग्रजीत आली, 2016 साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि शांता गोखले यांनी ती मराठीत आणली. माहीमच्या एका छोट्या फ्लॅटमधलं गोवेकर ख्रिस्ती कुटुंब, आणि त्यात हा आजार असलेली आई. ती विनोदी आहे, तिखट जिभेची आहे, आणि मुलांच्या जिवाचा थरकाप होईल अशा अवस्थांतून जाणारीही आहे. आई आणि आजार यांच्यामध्ये रेघ कुठे मारायची, हे मुलाला शेवटपर्यंत नीट सांगता येत नाही. आजार असलेल्या तरुणालाही ती रेघ मारता येत नाही. तो बोलून दाखवत नसला तरी गोळी हातात घेताना त्याच्या मनात तेच चालू असतं.

‘अरे, बीपी-शुगरसारखीच ही गोळी समज,’ असं सांगायची आपल्याकडे रीत आहे. हेतू चांगला आहे आणि पन्नाशीच्या बापाला हे पटतंही, कारण त्याच्या कट्ट्यावरच्या निम्म्या लोकांच्या खिशात शुगरची गोळी असते. वीस वर्षांच्या पोराच्या मित्रांत मात्र अशी गोळी घेणारा दुसरा कुणी दिसत नाही. शिवाय इन्सुलिन घेतल्यावर कुणाला आपण दुसरेच कुणी झालो असं वाटत नाही. ही उपमा त्याची अडचण सोडवत नाही, झाकते.

तरीही गोळी एकाएकी सोडण्यात फार मोठा धोका आहे, आणि तो मऊ शब्दांत सांगण्यात अर्थ नाही. लिथियम बंद केलेल्या रुग्णांचे अनेक अभ्यास एकत्र करून 1991 साली पाहणी झाली. जे पुन्हा आजारी पडले त्यांतल्या निम्म्याहून अधिकांचा आजार बंद केल्यापासून दहा आठवड्यांच्या आतच उलटला होता. लिथियमने आत्महत्येचं प्रमाण घटतं, असं 2013 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या मोठ्या विश्लेषणातही दिसलं. औषध कमी करायचंच असेल तर ते डॉक्टरांच्या नजरेखाली, सावकाश, आणि घरात एका माणसाला सांगून. चोरून सोडलेल्या गोळीचा मोठा तोटा हा की आजार उलटतो तेव्हा कारण कुणालाच ठाऊक नसतं आणि मग मात्रा वाढवली जाते.

आता शिरवळकडे. नीरेकाठचं हे गाव महामार्गावर आहे आणि भोवती कारखान्यांचा पट्टा पसरलाय. इथला तरुण पाळीत काम करतो. एक आठवडा पहिली, एक दुसरी, मग रात्रपाळी. बायपोलर आजारात झोप हा पाया असतो. झोप सलग तुटली की उन्माद उसळू शकतो, हे डॉक्टर अनेक दशकांपासून पाहत आले आहेत. रात्रपाळीहून आलेल्या मुलाने रात्री नऊची गोळी कधी घ्यायची? सकाळी सातला घेतली तर दुपारी नातेवाईक आले म्हणून उठावं लागतं. पहिल्या पाळीच्या आदल्या रात्री घेतली तर सकाळी मशीनवर डोळे मिटतात, आणि तिथे डोळे मिटणं म्हणजे बोटांची जोखीम. त्यात तो कंत्राटी. तपासणीसाठी पुण्याला जायचं तर पन्नासेक किलोमीटर, साताऱ्याला जायचं तर त्याहून थोडं जास्त. दिवस जातो, खाडा पडतो, पगार कापला जातो. गोळी स्वस्त आहे. लिथियम आणि व्हॅलप्रोएट दोन्ही राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. महाग आहे तो खाडा. अशा मुलाने दोन महिने तपासणी चुकवली तर तो बेफिकीर नसतो, त्याने हिशेब केलेला असतो. डॉक्टरांनी कागदावर एवढंच लिहून दिलं की याला प्रकृतीच्या कारणाने फिरती रात्रपाळी नको, तर कधीकधी तेवढी एक ओळ दुसऱ्या गोळीची गरज वाचवते. आजाराचं नाव लिहायची गरजही नसते.

लिथियमचं रक्तातलं प्रमाण साधारण 0.6 ते 1.0 मिलिइक्विव्हलंट प्रति लिटर इतकं ठेवतात. 1.5 च्या वर गेलं की विषबाधेची लक्षणं दिसू लागतात. गुण आणि घात यांत अंतर इतकं कमी. म्हणून शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त देऊन ते तपासायचं आणि मूत्रपिंड व थायरॉईडची तपासणी ठरावीक काळाने करायची. लिथियम हे एक क्षार आहे. शरीरातलं पाणी आणि मीठ घटलं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि रक्तातली पातळी चढते.

याचा अर्थ शिरवळच्या या खंडाळा तालुक्यात काय होतो ते पाहण्यासारखं आहे. आषाढवारीत माउलींची पालखी नीरा ओलांडून पाडेगावला सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंदला मुक्कामी असते. गावोगावची तरुण पोरं चार-सहा दिवस तरी चालतात. दिवसभर घाम, वाटेत कुठेतरी पोट बिघडलं तर जुलाब, गुडघा दुखला म्हणून कुणीतरी दिलेली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी. पाणी घटणं आणि या वेदनाशामक गोळ्या, दोन्हींनी लिथियम वाढतं. वर एकादशीला निर्जळी उपवास केला तर आणखी. वारीला जाऊ नये असं कुणीच म्हणत नाही. पाण्याची बाटली जवळ हवी, वेदनाशामक गोळी विचारल्याशिवाय नको, उलट्या-जुलाब लागले किंवा हात फार थरथरू लागले, तोल जाऊ लागला, जीभ जड झाली तर त्याच दिवशी दवाखाना. दिंडीतल्या एका सोबत्याला हे ठाऊक असलं तर फार बरं. उसाच्या फडात वैशाखात राबणाऱ्यालाही हेच लागू.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे आणि तिच्यावर आपल्याकडे पुरेसं बोललं जात नाही. व्हॅलप्रोएट गरोदरपणी घेतलं गेलं तर सुमारे दहा टक्के बाळांत जन्मजात व्यंग आढळतं आणि तीस ते चाळीस टक्के मुलांच्या वाढीत व शिकण्यात अडचणी येतात. ब्रिटनने 2018 पासून मूल होऊ शकण्याच्या वयातल्या मुलींना आणि स्त्रियांना हे औषध देण्यावर कडक अटी घातल्या. वीस वर्षांच्या मुलीच्या हातात ही गोळी देताना ही माहिती तिला, तिच्याच तोंडावर, सांगितली गेली पाहिजे. आईला बाजूला घेऊन सांगणं पुरेसं नाही. आधीच ती गोळी चालू असेल तर घाबरून बंदही करायची नाही, डॉक्टरांना भेटून पर्याय ठरवायचा.

आणि लग्न. स्थळ आलं की गोळ्यांचं पाकीट कपाटाच्या तळाशी जातं. साखरपुड्यापासून लग्नापर्यंत गोळ्या बंद, नव्या घरात तर बंदच. हळद, जागरण, पाहुणे, झोपेचे हाल, आणि त्यात औषध नाही. आजार उलटायला याहून जास्त काय लागतं? कायद्याची भीती घातली जाते ती अर्धवट ऐकीव असते. 1955 चा हिंदू विवाह कायदा आजाराच्या नावावर बोट ठेवत नाही, विकाराचं स्वरूप आणि तीव्रता पाहतो. 1988 साली राम नारायण गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की स्किझोफ्रेनिया हे नाव कागदावर आहे एवढ्याने घटस्फोट मिळत नाही, आजार किती तीव्र आहे हे दाखवावं लागतं. लपवणं मात्र पुढे फसवणुकीच्या आरोपाला वाट देतं. लग्नाआधी सांगून मोडलेलं स्थळ दुःख देतं हे खरं. पण गोळ्या लपवून सुरू झालेल्या संसारात त्या मुलीला आजारी पडायचीसुद्धा मुभा नसते.

मुलांच्या बाबतीत लग्नाच्या जागी भरती येते. साताऱ्याला सैनिकी परंपरेचा अभिमान आहे, अपशिंगे गावाच्या नावापुढे मिलिटरी लागतं ते उगीच नाही. पहाटे महामार्गाच्या कडेने धावणाऱ्या पोराला भीती वाटते की दवाखान्याचा कागद झाला तर सगळं संपेल. मग कागदच नको, म्हणून देवऋषी. अंगारा, उतारा, आणि कधीकधी ‘गोळ्या बंद केल्याशिवाय गुण येणार नाही’ असा हुकूम. हा जिल्हा अंधश्रद्धेविरुद्ध लढलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं गुन्हा ठरवलं. त्यांचे पुत्र डॉ. हमीद दाभोलकर साताऱ्यातच मानसोपचारतज्ज्ञ आहेत आणि परिवर्तन संस्थेतर्फे मानसिक आरोग्याचं काम करतात. देवाला हात जोडायला कुणाचा विरोध नाही. गोळी सोडायला लावणारा मात्र मुलाचा वैरी आहे, मग तो कितीही प्रेमाने बोलो.

गोळी घेऊन जगणारी माणसं न दिसणं, ही यातली सर्वांत मोठी उणीव. 2016 साली गायक हनी सिंग याने आपल्याला बायपोलर असल्याचं मुलाखतीत सांगितलं, तेव्हा गावातल्या पोरांना हा शब्द पहिल्यांदा ओळखीच्या तोंडून ऐकू आला. मुंबईच्या अपर्णा पिरामल राजे यांनी 2022 साली ‘केमिकल खिचडी’ हे पुस्तक लिहिलं. त्यात औषध आहेच, पण ते अनेक आधारांपैकी एक म्हणून, कुटुंब, काम, मैत्री, दिनक्रम यांच्या पंगतीत. तरुणांच्या मनातलं बहुधा हेच असतं. त्यांना गोळी अजिबात नको असते असं नाही. फक्त गोळीच, असं नको असतं. मराठीत असं आत्मकथन एखाद्या साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या तरुणाने लिहावं, एवढी इच्छा इथे बोलून दाखवायला हरकत नाही.

उपचारांत आपलं ऐकलं जावं, हे तरुणांचं म्हणणं कायद्याने कधीच मान्य केलं आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार अठरा वर्षांवरील व्यक्ती बरी असताना लिहून ठेवू शकते की पुढे आजार बळावला तर मला कोणते उपचार चालतील, कोणते नकोत, आणि माझ्या वतीने कोण बोलेल. त्याला आगाऊ निर्देश म्हणतात. उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा हक्क त्यात आहे आणि आरोग्य विम्यात शारीरिक आजाराइतकीच वागणूक देण्याची सक्तीही. घरात एका शांत संध्याकाळी चहा घेता घेता तो कागद लिहिता येतो: अमुक औषधाने मला ताठरपणा आला होता, ते देऊ नका, तीन रात्री मी झोपलो नाही तर ताईने डॉक्टरांना फोन करावा, मी नको म्हटलं तरी. हे लिहिणारा मुलगा गोळीवर स्वतःचं नाव घालत असतो. बोलायला घरात कुणीच नसेल तर टेलिमानस ही सरकारी सेवा आहे, 14416 या क्रमांकावर, रात्रंदिवस, मराठीतही.

के रेडफिल्ड जेमिसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी याच आजारावर पाठ्यपुस्तक लिहिण्याइतका अभ्यास केला आणि हा आजार त्यांना स्वतःलाही आहे. 1974 साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांचं लिथियम सुरू झालं. सगळं ठाऊक असूनही त्यांनी ते पुन्हा पुन्हा सोडलं, फार मोठी किंमत मोजली, आणि तिशीच्या आतच आत्महत्येचा प्रयत्न केला. त्यातून वाचल्यावर त्या औषधाला धरून राहिल्या. पण त्या काळी मात्रा मोठी असे आणि तिने त्यांचं वाचन गेलं. ओळी डोळ्यांपुढून सरकत, अर्थ हाती लागत नसे. ज्या बाईचं आयुष्य पुस्तकांत गेलं तिला दहा वर्षांहून जास्त काळ गंभीर पुस्तक सलग वाचता आलं नाही. 1995 साली आलेल्या ‘ॲन अनक्वाएट माइंड’ या आत्मचरित्रात हे सगळं त्यांनी लपवाछपवी न करता लिहिलं आहे. पुढे डॉक्टरांशी बोलून मात्रा कमी झाली. औषध चालूच राहिलं, आणि पुस्तक हातात घेतलं की त्यांना पुन्हा वाचता येऊ लागलं.